चितळ कुठं गेलं? ऋतूनुसार हरणांच्या जागा आणि शिकाऱ्यांचे हिशेब

मे महिन्यात ज्या पाणवठ्यावर तासाभरात तीन-चार कळप उतरतात, त्याच पाणवठ्यावर ऑक्टोबरात दिवसभर बसलं तरी एखादी टिटवी आणि चार बगळे एवढंच पदरी पडतं. मग जिप्सीतला पाहुणा गाइडला विचारतो, ‘हरणं कमी झाली का हो?’ कमी झालेली नसतात, हललेली असतात. तीही फार लांब नाही. मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलातलं हरीण थंड प्रदेशातल्या रेनडिअरसारखं शेकडो किलोमीटर स्थलांतर करत नाही. चितळाचा वर्षभराचा संसार काही चौरस किलोमीटरांत आटोपतो. पण त्या तेवढ्या जागेत कुठल्या महिन्यात, कुठल्या प्रहरी, कुठल्या उतारावर ते असेल हे ठरलेलं असतं, आणि ते वाचता येतं.

वाचायची रीत साधी आहे. हरणाला तीन गोष्टी लागतात: पाणी, चारा आणि आडोसा. ज्या महिन्यात यातल्या ज्या गोष्टीची टंचाई, त्या महिन्यात त्याचे पाय तिकडं वळतात. जे मुबलक आहे त्याच्यासाठी कुणी चालत नाही. जंगलात शिरताना ‘हरणं कुठं आहेत’ असं विचारू नका, ‘आज इथं टंचाई कशाची आहे’ असं विचारा. उत्तर आपोआप मिळतं.

आता शिकाऱ्यांबद्दल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फास लावणं, विष घालणं, जनावर त्यासाठी हाकणं, हेही त्यात येतं. तरीही हरणांच्या चालीवर डोळा ठेवणारे तीन शिकारी आजही जंगलात आहेत. एक चार पायांचा, म्हणजे वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा. दुसरा चोर, तारा आणि फासे घेऊन येणारा. तिसरे आपण, दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन बसणारे. जुन्या शिकाऱ्यांचं कसब तेवढं घ्यायचं, बंदूक सोडून द्यायची. तिघांचाही हिशेब एकाच गोष्टीवर चालतो: आज हरणाला टंचाई कशाची. खालचं सगळं चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा डोळ्यांपुढं ठेवून लिहिलंय. पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाटात आठवडा-पंधरा दिवस मागंपुढं होईल, क्रम तोच राहील.

आधी जनावर ओळखा

‘हरीण’ या एका शब्दात आपण बरंच कोंबतो. चितळ, सांबर आणि भेकर यांच्या नरांची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात. नीलगाय (वऱ्हाडात रोही), काळवीट आणि चौशिंगा हे कुरंग, म्हणजे अँटिलोप. त्यांची शिंगं जन्मभराची. चाली वाचताना हा फरक कामाचा आहे, कारण गळणाऱ्या शिंगांवरून महिना कळतो.

चितळ गवतावर जगतं, कळपानं राहतं, दिवसा वावरतं आणि उन्हाळ्यात त्याला रोज पाणी लागतं. सांबर पालापाचोळा, कोंब, साली खातं, टेकडीचा उतार आणि बांबूचं रान धरतं आणि बहुतेक कामं अंधारात उरकतं. भेकर एकटं, दाट झाडीत, आपल्या तुकड्याला चिकटून. ऋतू बदलला तरी ते फारसं हलत नाही. चौशिंगाही पाण्याजवळची झुडपी टेकडी सोडत नाही. रोही मात्र पाण्यावाचून बराच काळ काढतो, म्हणून पाणवठ्यावर बसून रोह्यांचा अंदाज बांधणारा हमखास चुकतो.

ठसे आणि लेंड्या

वाट ओळखायची तर जमिनीवर बसावंच लागतं. चितळाचा खूर पाच-सहा सेंटिमीटर लांब, पुढं निमुळता, दोन पाकळ्या जवळजवळ. सांबराचा आठाच्या आसपास, रुंद आणि जड. रानडुकराच्या ठशाला चितळाचा समजणं ही नवशिक्याची पहिली चूक. डुकराचा ठसा टोकाला बोथट असतो आणि मागं दोन्ही बाजूंना वरच्या खुरांचे टिंब बाहेर फाकलेले दिसतात. हरणाच्या ठशात असे टिंब एरवी नसतात. ओल्या चिखलात किंवा धावताना तेवढे उमटतात, तेव्हा पुढच्या पाकळ्याही फाकलेल्या असतात. पाकळ्या फाकलेल्या, टिंब उमटलेले आणि मागं माती उडालेली दिसली की जनावर घाबरून गेलंय. तिथंच दहा पावलं मागं जाऊन कशाला घाबरलं ते शोधा.

ठसा किती जुना, हे बघायला धूळ बरी. कडा धारदार आणि आतली माती जराशी गडद असेल तर ताजा. वरून किड्यांची बारीक रांगोळी गेली असेल तर बहुधा रात्रीचा, कारण त्यातले बरेचसे किडे रात्री फिरतात. उन्हाच्या झळांनी कडा ढासळतात, म्हणून मे महिन्यात सकाळी सातनंतरच्या ठशांवर फार भरवसा ठेवू नका. हिवाळ्यात दव मदत करतं. गवतावरच्या दवात काळपट रेघ दिसली तर जनावर उजाडल्यावर गेलं. वाटेवर कोळ्याचं जाळं शाबूत असेल तर त्या उंचीचं काहीही रात्रभरात तिथून गेलेलं नाही.

चितळाची लेंडी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, एका बाजूला किंचित टोकदार. सांबराची जवळपास दुप्पट. ताजी काळी आणि चकचकीत, बोटानं दाबली तर मऊ. उन्हाळ्यात दिवसाभरात तिची चमक जाते आणि काही दिवसांत चिरा पडतात. एकाच जागी ढीग दिसला तर रोही किंवा चौशिंगा, ते रोज ठरल्या जागीच जातात. लेंड्यांच्या आकारावरून दोघांतला फरक लगेच कळतो. पावसाळ्यात लेंड्यांवरून काही ठरवायला जाऊ नका. पाऊस आणि शेणकिडे मिळून दोन-चार दिवसांत सगळं पुसून टाकतात. राष्ट्रीय व्याघ्रगणनेत तृणभक्ष्यांच्या लेंड्या मोजतात त्या कोरड्या दिवसांत: दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर दर चारशे मीटरला दोन मीटर रुंद आणि वीस मीटर लांब पट्टा आखून. गावाला वनहक्क मिळालेल्या जंगलात हीच पद्धत चार खुंट्या आणि सुतळी घेऊन करता येते.

दसरा ते मार्गशीर्ष

ताडोबाचा गाभा (आतला राखीव भाग, कोअर) १ ऑक्टोबरला उघडतो आणि पर्यटकांची निराशा सुरू होते. गवत कमरेच्या वर, ओढे वाहताहेत, पाणी पावलोपावली. पाण्याची टंचाई शून्य, आडोशाची शून्य. टंचाई आहे ती कोवळ्या चाऱ्याची. कुसळी आणि बाकीची उंच गवतं फुलोऱ्यावर येऊन दाठर झालेली असतात, कुसळं तोंडाला आणि डोळ्यांना टोचतात. मग चितळ शोधतं आखूड गवत: तलावाच्या ओसरणाऱ्या कडा, रस्त्याच्या बाजूच्या कापलेल्या पट्ट्या, आणि सगळ्यांत मोठी जागा म्हणजे उठून गेलेल्या गावांची शेतं. जामनी, नवेगाव यांसारख्या गावांचं पुनर्वसन झालं आणि त्यांच्या जुन्या शेतजमिनींची कुरणं झाली. ऑक्टोबरात पाणवठे सोडा, कुरणाच्या कडेला थांबा. कळप मध्यावर कमी आणि झाडीच्या काठापासून पंधरा-वीस पावलांवर जास्त दिसेल. खायला उघडं, पळायला झाकलेलं.

याच दिवसांत सांबरं माजावर येतात. नोव्हेंबर-डिसेंबरात नराची शिंगं कठीण आणि पूर्ण वाढलेली. झाडाच्या बुंध्यावर कमरेच्या उंचीला साल सोललेली, चिखलात लोळण घेतलेला खड्डा, त्यात मुताचा उग्र वास आणि भोवती केस. असा खड्डा सापडला की तो टिपून ठेवा, नर तिथं परत परत येतो. वाघालाही ते ठाऊक असतं. माजावरचा नर एरवीपेक्षा बेसावध असतो.

हिवाळा: उन्हाच्या मागं आणि वानरांच्या खाली

पौष-माघात पहाटे सहाला गेट उघडलं म्हणून लगेच चितळं शोधायला धावण्यात अर्थ नाही. दव आणि गारठ्यात कळप झाडीत दडून असतो. ऊन पडल्यावर, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान, पूर्वेकडे उघड्या असलेल्या जागांवर येऊन उभा राहतो. कुठल्या उतारावर ऊन आधी पडतं ते एकदा बघून ठेवलं की पुढचे दोन महिने तिथंच जायचं.

चारा आता झाडावरून पडतो. आवळा, बेहडा, बोर. वानरं वर खातात आणि जेवढं खातात त्याच्या दुप्पट खाली सांडतात. चितळं ते वेचतात. वानरांची टोळी हलली की तासाभरात चितळंही त्याच दिशेनं सरकतात, म्हणून हिवाळ्यात हरीण शोधायचं असेल तर मान वर करून शोधा. यात चितळाचा आणखी एक फायदा: वानराचा वरून पहारा, चितळाचं खालून नाक.

वनखातं हिवाळ्यात जाळरेषा काढतं, म्हणजे वणवा अडवायला आखलेला गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवतं. जळल्यावर काही दिवसांत तिथं पोपटी फूट येते आणि आजूबाजूचं गवत वाळलेलं असताना तेवढीच हिरवी रेघ कळपाला ओढून घेते. राखेत मिळणारे क्षारही चाटले जातात. मात्र ही हिरवळ लवकर संपते. तीन आठवड्यांपूर्वी दिसलेली गर्दी आजही असेल हा भरवसा नको.

रानकुत्र्यांची पिल्लं याच दिवसांत बिळात असतात. टोळी बिळाला बांधलेली, त्यामुळं त्यांची शिकार त्याच परिसरात रोज सकाळ-संध्याकाळ. त्या बाजूची चितळं आठवडाभरात बिथरतात, कळप फुटतात, पाण्याच्या कडेला उभे राहतात. वरकरणी कारण नसताना एखादी चांगली जागा ओस पडली तर हे एक कारण लक्षात ठेवा.

उन्हाळा: पाण्याचा हिशेब

फाल्गुनात सागाची पानं गळून जातात आणि आडोसा संपतो. आता आत दोनशे मीटर दिसतं; हरणालाही आणि हरणाला शोधणाऱ्यालाही. मार्चअखेर ते एप्रिल हा मोहाचा महिना. फुलं पहाटेपासून टपटपतात, त्यामुळं चितळ, सांबर, अस्वल सगळे उजाडण्याआधी झाडाखाली हजर. गाडी असेल तर पहिली अर्धी घटका मोहाच्या झाडांना द्या. पायी मोह वेचणाऱ्यांनी मात्र उजाडल्याशिवाय जाऊ नये, एकट्यानं तर नाहीच. वाकून बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, आणि अस्वल तर झाडाच्या पलीकडंच असतं.

याच सुमारास चितळाचे नर माजावर येतात. एप्रिल ते जून शिंगं कठीण, आवाज घोगरा, फांदीवर शिंगं घासायला मागच्या पायांवर उभं राहणं हे सगळं बघायला मिळतं. त्याच वेळी सांबरांची शिंगं गळून पडत असतात. पडलेलं शिंग उचलू नका, ते बाळगणं गुन्हा आहे. शिवाय साळिंदराला आणि खुद्द हरणांनाही त्यातलं चुन्याचं सत्त्व हवं असतं, ते ते कुरतडतात.

एप्रिल संपता संपता ओढे तुटून डोह उरतात, डोह आटून ओल उरते. आता सगळ्यात मोठी टंचाई पाण्याची, आणि चितळ पाण्यापासून सहसा दीड-दोन किलोमीटरच्या पलीकडं जात नाही. नकाशा काढायचा सोपा प्रकार: ज्या जागी मे महिन्यात खरोखर पाणी असतं त्या प्रत्येक जागेवर दोन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. कागदावरचा ओढा धरू नका, जाऊन बघितलेलं पाणी धरा. वर्तुळं जिथं एकमेकांना भिडत नाहीत ती मोकळी जागा मे महिन्यात हरणांसाठी बंद असते. वर्तुळात जिथं उंबर, जांभूळ किंवा हिरवी सावली आहे तिथं दुपारी कळप बसलेला असणार. तलाव आटत जातो तशी त्याच्या काठाला रोज नवी ओली पट्टी उघडी पडते आणि त्यावर कोवळी फूट येते. ताडोबा तलाव, तेलिया किंवा इरई धरणाच्या काठावर मे महिन्यात कळप दिसतात ते नुसते पाण्यासाठी नाहीत.

पाण्यावर येण्याच्या वेळा बऱ्याचशा ठरलेल्या. चितळ सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चारनंतर सूर्यास्तापर्यंत. सांबर अंधार पडल्यावर. मे महिन्याच्या काहिलीत मात्र सांबर भरदुपारीही पाण्यात उभं राहतं, पोटापर्यंत. भेकर पहाटे येतं आणि दोन मिनिटांत जातं.

कळप पाण्यावर येतो तो धावत नाही. आधी झाडीच्या कडेला एक कान दिसतो. म्हातारी मादी चाळीस-पन्नास पावलांवर थबकते, पुढचा एक पाय उचलून धरते, नाक वर. बराच वेळ काहीच घडत नाही; याच वेळी बघणारा कंटाळून हलतो आणि सगळं संपतं. ती पाय आपटते, थांबते, परत आपटते. पलीकडून काही हललं नाही की दहा पावलं पुढं. मागचे तिच्या मागं, एका रांगेत, पाडसं मध्ये. पाण्याशी पोचल्यावरही सगळे एकदम माना घालत नाहीत. दोघं पितात, तिघं बघतात. खंड्यानं पाण्यात सूर मारला तरी अख्खा कळप एकदम मागं उडी घेतो, आणि मग तीच मादी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. वाघ शिकार साधतो ती मान खाली गेलेल्या त्या काही सेकंदांत, म्हणून पाणवठ्यालगतची झुडपं आणि नाल्याची वळणं त्याच्या बसायच्या जागा.

मचाणीवर बसायचं असेल तर

वैशाखी पौर्णिमेला महाराष्ट्राचं वनखातं पाणवठ्यांवर मचाणी बांधून हौशी लोकांना रात्रभर बसवतं. पूर्वी याला प्राणिगणना म्हणत, हल्ली निसर्गानुभव म्हणतात. वाघ आता आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेरा ट्रॅपनं मोजले जातात, पण हरणांची चाल शिकायला या रात्रीइतकी दुसरी शाळा नाही.

मचाण जमिनीपासून बारा-पंधरा फूट आणि पाण्यापासून तीस-पन्नास मीटर. जवळ असली की वास जातो, दूर असली की चांदण्यात सांबर आणि रोही एकसारखेच दिसतात. सगळ्यात महत्त्वाचं वारं. ते पाण्याकडून तुमच्याकडं यायला हवं. तपासायला चुलीतली चाळलेली राख फडक्यात बांधून घ्या. पुरचुंडी झटकली की धूर कुठं जातो ते दिसतं. टाल्कम पावडर वापरू नका, तिचा वासच हरणाला पुरेसा आहे. टेकडीच्या जागी वारं दिवसातून दोनदा उलटतं: ऊन चढलं की हवा उताराला वर जाते, सूर्य मावळला की थंड होऊन नाल्यानं खाली वाहते. दुपारी तीनला बरोबर वाटलेली मचाण सातला चुकीची ठरते ती यामुळंच. रात्र काढायची असेल तर संध्याकाळच्या वाऱ्याप्रमाणं जागा निवडा.

कपड्यांचा घोळ बहुतेक जण घालतात. हरणाच्या डोळ्याला लाल-नारिंगी रंग नीट कळत नाही, निळा मात्र चांगला कळतो. टिनोपॉल (पांढरेपणाची पूड) केलेला पांढरा सदरा किंवा गडद निळी जीन्स त्याला आपल्या समजुतीपेक्षा ठळक दिसते. खाकी, मेंदी, मातकट रंगाचे जुने, साध्या पाण्यात धुतलेले कपडे बरे. त्याहून घातक म्हणजे हालचाल आणि आवाज: वेफर्सचं पाकीट, वेल्क्रो, मोबाइलचा उजेड. माणशी चार-पाच लिटर पाणी, भाकरी-चटणी किंवा कोरडे पदार्थ, लाल कागद लावलेली विजेरी, एक चादर. उदबत्ती आणि मच्छर पळवणारं मलम घरी ठेवा, त्याऐवजी पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

वळीव पडला तर बेत फसतो. एका सरीनं खाचखळग्यांत पाणी साचतं आणि पाणवठ्याची सक्ती संपते. पुढचे दोन-तीन दिवस कोरड्या मचाणीवर बसणाऱ्याला जंगल रिकामं वाटतं. त्या रात्रीचे आकडे मागच्या वर्षाशी ताडून ‘हरणं घटली’ म्हणणं हा दरवर्षीचा उद्योग आहे. पाऊस झाला का, हे आकड्याच्या शेजारी लिहिल्याशिवाय तो आकडा काही सांगत नाही.

हाका कशा ऐकायच्या

चितळाची हाक तीक्ष्ण, शिट्टीच्या जातीची. ती ऐकून गाडी वळवणारे बरेच. पण चितळ कोल्ह्याला, गावच्या कुत्र्याला, कधी दुसऱ्या कळपाच्या दचकण्यालाही हाक देतं. एक-दोन हाका आणि गप्प, याला किंमत देऊ नका. एका दिशेला माना वळवून, शेपट्या उभारून, पाय आपटत सलग पाच-दहा मिनिटं हाका आल्या तर जागचे हलू नका. सांबराची ‘ढाँक’ मात्र क्वचितच खोटी निघते. भेकर भुंकल्यासारखं ओरडतं आणि पुष्कळदा नुसत्या संशयावर तासभर ओरडत राहतं.

हाक एका जागची असेल तर शिकारी बसलाय किंवा निघून गेलाय. हाका सरकत असतील, आधी नाल्याकडून मग रस्त्याकडून, तर तो चालतोय, आणि दोन हाकांमधून रेघ ओढली की पुढं कुठं निघेल ते कळतं. रानकुत्री आली की पुष्कळदा हाकेला वेळच नसतो; चितळं सरळ पाण्यात उतरतात. पाण्यात गळ्यापर्यंत उभं, काठाकडं बघणारं चितळ दिसलं तर काठावर शोधा.

चोरांचा हंगाम

चोरही हेच पंचांग वापरतो. उन्हाळ्यात पाण्याच्या वाटा, हिवाळ्याच्या तोंडाशी पिकाच्या वाटा. गस्तीला निघताना त्याच वाटांवर नजर टाका. जनावराच्या वाटेला दोन्ही बाजूंनी काटेरी फांद्या आडव्या टाकून मध्ये एकच फट सोडली असेल, ताज्या खुंट्या ठोकल्या असतील, रोपटं वाकवून बांधलं असेल तर तिथं फास आहे. गाडीच्या क्लचची तार पाचोळ्यात दिसत नाही. काठी जमिनीलगत फिरवत चला, हातानं चाचपू नका. शेताच्या कडेला खुंट्यांवरून गेलेली बारीक उघडी तार दिसली तर तिच्यात वीज नाही असं समजू नका. जवळ जायचं नाही, काठीही लावायची नाही. महावितरणला कळवून आधी लाइन बंद करून घ्यायची. रात्री ठरावीक वेळी एखाद्या भागात दिवे मिणमिणत असतील तर तीही तारेत वीज सोडल्याची खूण आहे.

लहान डोहांवर विष घातलं जातं. काठाला मेलेले मासे, बेडूक, माश्या किंवा पक्षी एकत्र दिसले की पाण्याला हात न लावता, इतर जनावर येऊ नये म्हणून एकानं तिथंच थांबून, दुसऱ्यानं कळवायचं. हॅलो फॉरेस्टचा टोल फ्री क्रमांक १९२६.

जंगलाला लागून शेत असेल तर

धान, तूर, हरभरा, गहू असा जसा हंगाम फिरतो तशी हरणांची रात्रीची वाट फिरते. आत कोवळं गवत संपतं आणि बांधाशी हिरवा हरभरा उभा असतो. टंचाईचा तोच नियम. नुकसान सगळ्या शेतात सारखं नसतं, जंगलाकडच्या कडेला जास्त असतं. जागल करायची ती हंगामभर नाही, पीक कोवळं असताना आणि दाणा भरताना. त्या दोन खेपांना आळस नको.

चितळ उडी मारण्याआधी खालून वाट शोधतं. म्हणून पाच फूट उंच जाळीखाली फूटभर फट राहिली तर खर्च वाया. नाला जिथं कुंपण ओलांडतो ती जागा आधी बंद करा. कडेच्या ओळींत काटेरी करडई घेतली तर आतल्या हरभऱ्याला थोडा आसरा मिळतो, पूर्ण नाही. आणि रोह्यापुढं करडईचं फारसं चालत नाही. नुकसान झालं तर ठसे आणि खाल्लेली झाडं पुसण्याआधी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. पंचनाम्याच्या वेळी कुठल्या जनावराचं, यावरून वाद होतो तो याच फोटोंनी मिटतो. तारेत वीज सोडणं हा उपाय नाही. त्यात हरणाआधी शेजारचा माणूस जातो.

वही

दोनशे पानी एक वही आणि शिसपेन्सिल पुरे. पेन पावसात फुटतं. दर नोंदीत तारीख, वेळ, जागा, किती नर, माद्या, पाडसं, नरांची शिंगं मखमली, कठीण की गळलेली, काय करत होते, जवळचं पाणी किती लांब, वारं कुठून, मागच्या तीन दिवसांत पाऊस झाला का. वाट एकच ठेवा आणि वेळही. आज सकाळी सात आणि उद्या दुपारी दोन अशी तुलना केली तर ऋतूचा नव्हे, घड्याळाचा फरक मोजला जाईल. न दिसल्याचीही नोंद करा. ‘आज शून्य’ ही ओळ लिहायला लोक लाजतात आणि वर्षाअखेर नेमक्या त्याच ओळी कमी पडतात.

पहिला पाऊस

जूनच्या मध्यावर मृगाचा दमदार पाऊस झाला की दोन दिवसांत पाणवठे ओस पडतात. आता टंचाई कशाचीच नाही, फक्त नव्या हिरव्याची ओढ आहे. चितळं मोठ्या कळपांनी उघड्या कुरणांवर येतात, कारण तिथं गवत आधी फुटतं आणि झाडीतल्या डास-गोमाश्यांपासून सुटका होते. सांबरं पाणवठ्याची बांधिलकी सोडून टेकड्या चढतात. बांबूला वास्ते (कोवळे कोंब) फुटू लागले की त्या रानातून उतरतच नाहीत. शिकार पांगली की वाघालाही जास्त चालावं लागतं, आणि ओल्या गवतापेक्षा त्याला रस्ता बरा वाटतो, म्हणून जुलैच्या चिखलात गाडीवाटेवर त्याचे ठसे उन्हाळ्यापेक्षा जास्त सापडतात.

१ जुलैला गाभा बंद होतो. बफरमधले, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातले, काही रस्ते चालू असतात. तिथं गेलात तर पाणी शोधू नका. पावसानंतर ऊन पडलेल्या पहिल्या तासात, जिथं गवत घोट्याएवढंच आहे अशा माळावर जा, आणि गाडी बंद करून उभी ठेवा.